वेबस्फिअर: स्क्रिप्टने हीप वाढवला, रीस्टार्टनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न

तक्रार नेहमी साधारण अशीच असते. जायथन (जावावर चालणारी पायथन) स्क्रिप्ट चालवून वेबस्फिअर सर्व्हरचा कमाल हीप, म्हणजे जावा ऑब्जेक्टसाठीची मेमरी, १०२४ वरून २०४८ एमबी केला. स्क्रिप्टने शेवटी २०४८ छापूनही दाखवले. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि दोन दिवसांनी तोच आउट-ऑफ-मेमरी एरर, चालू प्रोसेसमध्ये तोच १०२४. काही ठिकाणी नवा आकडा महिनाभर टिकतो, मग पॅचिंगच्या रात्री मशीन रीबूट होते आणि सकाळी हीप पुन्हा जुना.

हे लिखाण वेबस्फिअर अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या ट्रॅडिशनल नेटवर्क डिप्लॉयमेंट आवृत्तीसाठी आहे: ८.५.५ आणि ९.०, डिप्लॉयमेंट मॅनेजर (सगळे कॉन्फिगरेशन सांभाळणारी प्रोसेस) आणि त्याखाली नोड (एका मशीनवरच्या सर्व्हरचा गट) अशी रचना, आयबीएमची जे९ जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारे इंजिन). लिबर्टीत (वेबस्फिअरची हलकी आवृत्ती) हा प्रश्न या रूपात येत नाही, तिथे जेव्हीएम डॉट ऑप्शन्स ही साधी फाइल असते. कमांड आणि गुणधर्मांची नावे खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा, लहान-मोठ्या अक्षरांसकट.

एकच आकडा, चार जागा

स्क्रिप्टमध्ये मॉडिफाय म्हटले की आकडा आधी त्या सेशनच्या वर्कस्पेसमध्ये जातो. सेव्ह म्हटल्यावर तो डिप्लॉयमेंट मॅनेजरच्या मास्टर रिपॉझिटरीत उतरतो. सिंक झाल्यावर त्याची प्रत नोडच्या प्रोफाइलमध्ये येते. शेवटी सर्व्हर सुरू होताना नोड एजंट (नोडवरचे सर्व्हर सांभाळणारी प्रोसेस) किंवा स्टार्टसर्व्हर ही प्रत वाचून जावाची कमांड लाइन तयार करतो. या चार जागांपैकी कुठल्यातरी दोनांमध्ये तफावत पडलेली असते. ती जोडी सापडली की कारण सापडलेच.

स्क्रिप्टने स्वतः छापलेला २०४८ हा पुरावा धरू नका. मॉडिफाय केल्यानंतर त्याच स्क्रिप्टमध्ये शो म्हटले तर उत्तर वर्कस्पेसमधून येते. सेव्ह झालेले नसले तरी नवाच आकडा दिसतो. डब्ल्यूएसअ‍ॅडमिन या स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाला डॅश एफ देऊन चालवलेली स्क्रिप्ट सेव्ह न करता संपली की तो बदल टाकून दिला जातो.

आधी चालू प्रोसेसला विचारा

तपास उलट्या दिशेने करावा, प्रोसेसपासून मागे. लिनक्सवर पीएस डॅश ईएफ घेऊन त्यात सर्व्हरचे नाव शोधा. वेबस्फिअरच्या जावा प्रोसेसच्या ओळीत शेवटचे तीन शब्द सेल (एका मॅनेजरखालचा सगळा समूह), नोड आणि सर्व्हर या क्रमाने असतात, त्यामुळे गफलत होत नाही. ओळ फार लांब असेल तर प्रॉक फोल्डरमधल्या त्या पीआयडीची सीएमडीलाइन फाइल उघडा आणि त्यातल्या शून्य बाइटच्या जागी टीआरने नवी ओळ टाका, म्हणजे प्रत्येक आर्ग्युमेंट वेगळ्या ओळीवर दिसेल. एआयएक्सवर साधा पीएस ओळ कापतो. तिथे डब्ल्यू हा पर्याय दोनदा द्यावा लागतो.

आता त्या यादीत एक्सएमएक्स, म्हणजे कमाल हीपचा पर्याय, किती वेळा आला आहे ते मोजा. एकदाच असेल तर ठीक. दोनदा असेल तर शेवटचा चालतो, आणि कारण बहुधा हातात आलेच. त्याबद्दल पुढे.

मग सर्व्हर डॉट एक्सएमएल ही फाइल दोन ठिकाणी पाहा: डिप्लॉयमेंट मॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये आणि नोडच्या प्रोफाइलमध्ये. दोन्हीकडे वाट तीच आहे, कॉन्फिग, सेल्स, सेलचे नाव, नोड्स, नोडचे नाव, सर्व्हर्स, सर्व्हरचे नाव. फाइलमधल्या जेव्हीएम एंट्रीज या टॅगमध्ये इनिशियल हीप साइज, मॅक्झिमम हीप साइज आणि जेनेरिक जेव्हीएम आर्ग्युमेंट्स हे तिन्ही गुणधर्म एकाच ओळीत असतात. फक्त वाचा, हात लावू नका.

डिप्लॉयमेंट मॅनेजरकडेच जुना आकडा असेल तर नोडवर शोधत बसण्यात अर्थ नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोष सेव्हमध्ये किंवा चुकीच्या ऑब्जेक्टमध्ये आहे. मॅनेजरकडे नवा आणि नोडवर जुना असेल तर सिंक झालेले नाही. दोन्हीकडे नवा आणि प्रोसेसमध्ये जुना असेल तर सर्व्हर सिंकच्या आधी सुरू झाला, किंवा तो ही फाइल न वाचताच सुरू होतो आहे.

मॅनेजरकडेच जुना आकडा

सेव्ह विसरणे हे सर्वांत साधे कारण. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे सेव्ह लिहिलेले आहे, ते अपयशी ठरते आहे आणि स्क्रिप्टमधला ट्राय-एक्सेप्ट ते गिळून टाकतो आहे. सेव्हची मूळ पद्धत रोलबॅक-ऑन-कॉन्फ्लिक्ट आहे. म्हणजे तुमची स्क्रिप्ट चालू असताना दुसऱ्या कोणी कन्सोलमधून तीच फाइल सेव्ह केली असेल तर तुमचे सेव्ह नाकारले जाते. हा मोड बदलून ओव्हरराइट-ऑन-कॉन्फ्लिक्ट करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग दुसऱ्याचा बदल तुमच्या हातून पुसला जातो आणि महिन्याभराने त्याची तक्रार येते. अपवाद पकडायचा असेल तर पूर्ण मजकूर छापा, रीसेट म्हणा आणि शून्याहून वेगळ्या एक्झिट कोडने बाहेर पडा.

जोडणी कुठे झाली तेही तपासा. डिप्लॉयमेंट मॅनेजरचा सोप पोर्ट मुळात ८८७९ असतो, नोड एजंटचा ८८७८ आणि सुट्या सर्व्हरचा ८८८०. डब्ल्यूएसअ‍ॅडमिन सुरू होताना डब्ल्यूएएसएक्स७२०९आय हा संदेश येतो आणि प्रोसेसचा प्रकार सांगतो. तिथे डिप्लॉयमेंट मॅनेजर असेच यायला हवे. नोडवर बसून कनेक्शन टाइप नन देऊन केलेला बदल नोडच्या स्थानिक प्रतीत जातो. तो दिसतो, सर्व्हर त्यावर सुरूही होतो, आणि सिंक होताना मॅनेजर आपली जुनी प्रत त्यावर टाकतो. व्हीआय एडिटरने नोडवरची एक्सएमएल फाइल हाताने बदलणाऱ्यांची गतही तीच.

तिसरे कारण चुकीचा ऑब्जेक्ट. अनेक स्क्रिप्टमध्ये अ‍ॅडमिनकॉन्फिगच्या लिस्टला फक्त जावा व्हर्च्युअल मशीन एवढेच दिलेले असते आणि उत्तरातली पहिली ओळ उचललेली असते. या यादीत सेलमधल्या सगळ्या जेव्हीएम येतात: डिप्लॉयमेंट मॅनेजर, प्रत्येक नोड एजंट आणि सगळे सर्व्हर. पहिली ओळ तुमच्या सर्व्हरचीच असेल याची काही हमी नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मॅनेजरचा हीप २०४८ होऊन बसतो आणि अ‍ॅप्लिकेशनचा होता तिथेच राहतो. म्हणून आधी गेटआयडीला सेल, नोड, सर्व्हर अशी पूर्ण वाट द्या आणि मिळालेला आयडी लिस्टला दुसरे आर्ग्युमेंट म्हणून द्या. इथेही एक खाचखळगा आहे. नावात एक अक्षर चुकले तर गेटआयडी एरर देत नाही, रिकामी स्ट्रिंग देतो. पुढच्या ओळीवर जाण्याआधी ती रिकामी नाही ना हे तपासणे सक्तीचे करा.

आकडा एमबीमध्ये आणि नुसता द्यायचा असतो, २०४८ एवढाच, मागे एम नाही. एम हे अक्षर जेव्हीएमच्या कमांड लाइनवर लागते, वेबस्फिअर ते स्वतः जोडतो. इनिशियल आणि मॅक्झिमम दोन्ही एकाच मॉडिफायमध्ये द्या. हीप कमी करताना फक्त कमाल आकडा १०२४ केला आणि आधीचा इनिशियल १५३६ तसाच राहिला, तर सर्व्हर पुढच्या वेळी सुरूच होत नाही. सिस्टमआउट लॉगमध्ये काही सापडत नाही, कारण जेव्हीएम त्याआधीच बसलेली असते. कारण नेटिव्ह एसटीडीएरर लॉगमध्ये मिळते.

आकडा बरोबर पोहोचला, पण दुसराच चालतो

जेनेरिक जेव्हीएम आर्ग्युमेंट्स हे या दुखण्याचे सर्वांत मोठे आगर. कधीकाळी कोणीतरी घाईत तिथे डॅश एक्सएमएक्स१०२४एम लिहून ठेवलेले असते. वेबस्फिअर कमांड लाइन तयार करताना हीपचे दोन गुणधर्म आधी लिहितो आणि जेनेरिक आर्ग्युमेंट्स नंतर. जे९ एकच पर्याय दोनदा आला की उजवीकडचा घेते. मग तुम्ही मॅक्झिमम हीप साइज कितीही वाढवा, चालतो तो जुनाच. स्क्रिप्टमध्ये आधी शोअ‍ॅट्रिब्यूटने ही स्ट्रिंग वाचा, स्पेसवर तोडा, एक्सएमएक्स आणि एक्सएमएसने (इनिशियल हीपचा पर्याय) सुरू होणारे तुकडे काढा आणि उरलेले पुन्हा जोडून लिहा.

उलट चूकही तितकीच घातक आहे. अ‍ॅडमिनटास्कच्या सेटजेव्हीएमप्रॉपर्टीजला जेनेरिक आर्ग्युमेंट्स दिले की ते जुन्या स्ट्रिंगमध्ये भर घालत नाही, सगळी स्ट्रिंग बदलते. जीसी (गार्बेज कलेक्शन, नको असलेली मेमरी मोकळी करणे) लॉगचा एक पर्याय टाकायला गेलात आणि अ‍ॅप्लिकेशनच्या सगळ्या डॅश डी प्रॉपर्टीज उडाल्या असे होते. हीपच बदलायचा असेल तर सेटजेव्हीएमइनिशियलहीपसाइज आणि सेटजेव्हीएममॅक्सहीपसाइज हे नेमके टास्क वापरा. ते बाकीच्याला हात लावत नाहीत.

त्याच स्ट्रिंगमध्ये एक्सएमएन दिसला तर त्याचाही विचार करा. ८.० पासून मूळ जीसी धोरण जेनकॉन आहे आणि त्यात नर्सरी (नव्या ऑब्जेक्टसाठीचा हीपचा भाग) हीपच्या प्रमाणात, मुळात चौथा हिस्सा, ठरते. एक्सएमएनने ती २५६ एमबीला बांधून ठेवली असेल तर हीप दुप्पट केल्यावरही नर्सरी तेवढीच राहते आणि छोट्या जीसीची वारंवारता काही कमी होत नाही.

सिंक आणि रीस्टार्टची शर्यत

ऑटोमॅटिक सिंक मुळात चालू असते आणि दर मिनिटाला होते. माणूस कन्सोलवर काम करतो तेव्हा ते एक मिनिट तसेच निघून जाते. स्क्रिप्ट मात्र सेव्ह करून दुसऱ्याच सेकंदाला क्लस्टरला (एकच अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरचा गट) रिपलस्टार्ट, म्हणजे मेंबर एकामागून एक रीस्टार्ट करायला, सांगते. पहिला मेंबर जुन्या फाइलवर उठतो, दुसरा कदाचित नव्या. मग "चारपैकी एकाच मेंबरला ओओएम (आउट-ऑफ-मेमरी) येतो" असा चमत्कारिक बग लिहिला जातो.

उपाय सरळ आहे. प्रत्येक नोडसाठी कम्प्लीटऑब्जेक्टनेमला टाइप नोडसिंक आणि नोडचे नाव द्या, मिळालेल्या एमबीनवर (चालू प्रोसेस हाताळण्यासाठीचा ऑब्जेक्ट) सिंक इन्व्होक करा आणि उत्तर ट्रू आले का ते पाहा. एमबीनचे नाव रिकामे आले तर त्या नोडचा एजंट बंद आहे. तिथे स्क्रिप्ट थांबवा, एजंट बंद असतानाच त्या मशीनवर सिंकनोड कमांडला मॅनेजरचे होस्ट आणि ८८७९ देऊन चालवा, मग एजंट सुरू करा. सगळे नोड ट्रू म्हणाले की मगच रिपलस्टार्ट.

मोठ्या सेलमध्ये सिंकला वेळ लागतो. डब्ल्यूएसअ‍ॅडमिनचा सोप रिक्वेस्ट टाइमआउट मुळात १८० सेकंद असतो. तो उलटला की क्लायंट रीड टाइम्ड आउट म्हणून मरतो, पण तिकडे सिंक चालूच असते. स्क्रिप्ट अर्धवट तुटली म्हणजे काम झाले नाही असे समजून ती तशीच पुन्हा चालवू नका. सोप क्लायंट प्रॉप्स फाइलमध्ये मर्यादा वाढवा आणि मग पाहा.

रीबूटनंतरच परत येणारा जुना हीप

हा प्रकार सर्वांत जास्त फसवतो, कारण कॉन्फिगरेशन सगळीकडे नवे असते. कन्सोलमधून सर्व्हर सुरू केला की हीप २०४८, मशीन रीबूट झाले की १०२४. स्टार्टसर्व्हरला डॅश स्क्रिप्ट हा पर्याय दिला की तो सर्व्हर सुरू करत नाही, तर स्टार्ट अंडरस्कोर सर्व्हरचे नाव अशी शेल फाइल बनवतो. तिच्यात त्या क्षणीची संपूर्ण जावा कमांड लाइन, एक्सएमएक्ससकट, गोठवलेली असते. सर्व्हर थोडा लवकर उठतो म्हणून कोणीतरी ती सिस्टमडी युनिटमध्ये किंवा आयनिटॅबमध्ये लावून ठेवते. त्यानंतर कॉन्फिगरेशनमधला कुठलाही जेव्हीएम बदल त्या वाटेने पोहोचत नाही. प्रोफाइलच्या बिन फोल्डरमध्ये अशी फाइल आहे का ते शोधा आणि रीबूटच्या वेळी नेमकी कोणती कमांड चालते ते वाचा. शक्य असेल तर तिथे नोड एजंट सुरू करा आणि सर्व्हर त्याच्याकडून उठवा. गोठवलेली फाइल ठेवायचीच असेल तर हीप बदलणाऱ्या स्क्रिप्टनेच ती नव्याने बनवली पाहिजे.

क्लस्टरमध्ये आणखी एक आहे. साध्या क्लस्टरमध्ये मेंबरचा हीप बदलला तरी मेंबर टेम्पलेट तसेच राहते, म्हणून पुढच्या महिन्यात जोडलेला पाचवा मेंबर जुन्या हीपने जन्माला येतो. टेम्पलेट बदलल्याचा परिणाम फक्त नव्या मेंबरवर होतो, म्हणून दोन्ही बदला. डायनॅमिक क्लस्टरमध्ये उलटे आहे. तिथे बदल सर्व्हर टेम्पलेटवर करायचा असतो, मेंबरवर थेट केलेला टिकत नाही.

यातले काहीच नसेल आणि आकडा तरी परत जुना होत असेल, तर दुसरे कोणीतरी लिहिते आहे: रात्रीचे ऑटोमेशन, जुन्या बॅकअपवरून केलेले रीस्टोअरकॉन्फिग, किंवा एखादी प्रॉपर्टी फाइल लावणारे डिप्लॉयमेंट. संशयावरून भांडण्यापेक्षा मॅनेजरच्या सिस्टमआउट लॉगमध्ये एडीएमआर००१६आय शोधा. कोणत्या युजरने कोणते डॉक्युमेंट बदलले ते त्यात वेळेसह लिहिलेले असते. म्हणूनच ऑटोमेशन आणि माणसे एकाच अ‍ॅडमिन युजरने लॉगिन करणे वाईट. लॉगमध्ये नाव दिसते, पण कोण ते कळत नाही.

स्क्रिप्टचा क्रम

सर्व्हरची यादी आणि आकडे स्क्रिप्टबाहेर, साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा: नोड, सर्व्हर, इनिशियल, मॅक्झिमम. प्रत्येक ओळीसाठी गेटआयडी, रिकामे नाही ना ते तपासणे, त्या सर्व्हरखालची जेव्हीएम घेणे, जुने तिन्ही गुणधर्म छापणे, जेनेरिक स्ट्रिंग साफ करणे, मॉडिफाय. सगळ्या ओळी झाल्या की हॅजचेंजेस विचारा आणि क्वेरीचेंजेसचे उत्तर छापा. त्यात अपेक्षेपेक्षा जास्त फाइली दिसल्या तर सेव्ह न करता रीसेट. नंतर सेव्ह, सिंक, रिपलस्टार्ट.

शेवटची पडताळणी कॉन्फिगरेशनवरून करू नका, चालू जेव्हीएमवरून करा. क्वेरीनेम्सला टाइप जेव्हीएम आणि प्रोसेसचे नाव देऊन एमबीन घ्या आणि मॅक्समेमरी वाचा. उत्तर बाइटमध्ये येते, २०४८ एमबीसाठी ते २१४७४८३६४८ च्या आसपास हवे. सोलॅरिस किंवा एचपी-यूएक्सवरच्या हॉटस्पॉट जेव्हीएमवर थोडे कमी दिसू शकते, कारण ती एक सर्व्हायव्हर जागा वजा करून सांगते. रिपलस्टार्ट लगेच परत येतो, सर्व्हर मात्र सावकाश उठतात. म्हणून ही तपासणी काही सेकंद थांबून पुन्हा पुन्हा करणाऱ्या लूपमध्ये घाला.

८.५.५ वरची स्क्रिप्ट जायथन २.१ वर चालते हे लक्षात असू द्या. तिथे ट्रू आणि फॉल्स हे शब्दच नाहीत, एक आणि शून्य लिहावे लागते. ९.० मध्ये मुळात २.७ आहे. दोन्हीकडे चालायला हवी असेल तर जुन्याच्या मर्यादेत लिहा.

आकडा खरंच २०४८ आहे आणि तरी एरर येतो

मग प्रश्न स्क्रिप्टचा उरला नाही. जावाकोर फाइल, म्हणजे एररच्या वेळी जेव्हीएमने लिहिलेला अहवाल, उघडा. वरच्या सिगइन्फोच्या ओळीत जावा हीप स्पेस आहे की नेटिव्ह मेमरी एक्झॉस्टेड, ते आधी वाचा. त्याच फाइलच्या यूजरआर्ग्स भागात जेव्हीएमला मिळालेले सगळे पर्याय असतात, म्हणून सर्व्हर मरून गेल्यावरही एक्सएमएक्स किती होता हे कळते.

नेटिव्ह मेमरी, म्हणजे हीपबाहेरची, संपली असेल तर हीप वाढवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. ६४ बिट जे९ कम्प्रेस्ड रेफरन्सेस वापरते तेव्हा क्लास, थ्रेड आणि मॉनिटरची काही रचना पहिल्या ४ जीबी पत्त्यांतच राहावी लागते. हीप तिथे मावत असेल तर तोही तिथेच बसतो. २ ते ३ जीबीचा हीप त्या जागेची कोंडी करतो आणि मशीनवर २० जीबी मोकळी असतानाही नेटिव्ह ओओएम येतो. अशा वेळी एक्सजीसीखालचा प्रिफर्ड हीप बेस ४ जीबीच्या वर न्या. एररमध्ये थ्रेड तयार करता आला नाही आणि एररनो ११ असे असेल, तर त्या युजरची प्रोसेस-मर्यादा आधी पाहा. लिनक्सवर थ्रेडही त्यातच मोजले जातात.

एरर डब्ल्यूएसअ‍ॅडमिनच्याच खिडकीत येत असेल, विशेषतः मोठी ईएआर फाइल (अ‍ॅप्लिकेशनचे पॅकेज) चढवताना, तर तो क्लायंटचा स्वतःचा हीप आहे. सर्व्हरशी त्याचा संबंध नाही. डब्ल्यूएसअ‍ॅडमिनला जावाऑप्शन देऊन त्यात एक्सएमएक्स वाढवा.

लॉगमध्ये काहीच नाही आणि सर्व्हर आपोआप पुन्हा उठलेला दिसतो? नोड एजंट मेलेली प्रोसेस स्वतः उठवतो, म्हणून मरण लक्षात येत नाही. डीमेसेजमध्ये ओओएम किलर शोधा. १६ जीबीच्या मशीनवर चार सर्व्हर प्रत्येकी २०४८ वरून ३०७२ केले की नुसते हीप १२ जीबी होतात. त्यावर प्रत्येकाची नेटिव्ह मेमरी, नोड एजंट आणि ऑपरेटिंग सिस्टम. हा हिशेब आकड्यांच्या फाइलवरून स्क्रिप्टलाच करायला लावा, आणि एका मशीनवरच्या हीपची बेरीज रॅमच्या ७० टक्क्यांवर गेली तर मॉडिफायच्या आधीच थांबवा.

जावा हीप स्पेसच असेल तर व्हर्बोज जीसी चालू करून मोठ्या जीसीनंतर किती हीप भरलेला राहतो ते पाहा. साधारण ४० ते ७० टक्के असेल तर आकार ठीक. हा तळ रोज थोडा थोडा वर चढत असेल तर गळती आहे. २०४८ ने दोन दिवसांचे चार दिवस होतील एवढेच. पीएचडी हीपडंप (हीपमध्ये काय आहे त्याची नोंद) मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडा आणि सर्वांत मोठा रिटेन्ड साइज (ऑब्जेक्टने धरून ठेवलेली एकूण मेमरी) कोणाचा ते बघा.